विश्लेषण : मेंदूतील रक्तवाहिनीत स्टेंट… कोणाला गरज, कोणाला जोखीम?

जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी सरकवून, डोके न उघडता मेंदूतील रक्तवाहिनीवर उपचार केल्याच्या बातम्या आणि जाहिराती नागपूरकरांना आता नव्या राहिलेल्या नाहीत. धंतोली, रामदासपेठ, वर्धा रोड परिसरातील रुग्णालयांत विदर्भाबरोबरच छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, राजनांदगावहूनही रुग्ण येतात. त्यांच्या नातेवाइकांना ‘स्टेंट टाकावा लागेल’ एवढेच सांगितले जाते आणि हृदयात टाकतात तसाच हा स्टेंट, असे गृहीत धरून संमतीपत्रावर सही होते. मेंदूतील स्टेंट मात्र दोन अगदी वेगळ्या आजारांसाठी वापरला जातो. एकात रक्तवाहिनी फुगलेली असते, दुसऱ्यात ती आतून अरुंद झालेली असते. या दोन्हींबाबत आजवरच्या संशोधनाचा कौल सारखा नाही. तो समजून घेणे जिवाच्या आणि खर्चाच्या, दोन्ही दृष्टींनी महत्त्वाचे ठरते.

हृदयातील स्टेंट आणि मेंदूतील स्टेंट यांत फरक काय?

स्टेंट म्हणजे धातूच्या बारीक जाळीची नळी. हृदयात तिचे काम बहुतेक वेळा एकच असते. अरुंद झालेली वाहिनी उघडी ठेवणे. मेंदूत मात्र ती कधी वाहिनी उघडी ठेवण्यासाठी, तर कधी फुगवट्याच्या तोंडाशी भिंतीसारखी उभी करण्यासाठी वापरतात. शिवाय मेंदूच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा नाजूक असतात. त्यांची भिंत पातळ असते, कवटीच्या तळाशी त्या नागमोडी वळणे घेतात आणि त्यांना बाहेरून स्नायूंचा आधार नसतो. मुख्य वाहिनीतून केसासारख्या बारीक शाखा थेट मेंदूच्या गाभ्यात जातात. त्यातील एखादी बंद पडली, तरी हात-पाय लुळे पडू शकतात किंवा वाचा जाऊ शकते. त्यामुळे हृदयात सरावाचे झालेले तंत्र मेंदूत जसेच्या तसे चालत नाही.

आणखी एक गोंधळ टाळायला हवा. लकव्याच्या ताज्या झटक्यात वाहिनीत अडकलेली गुठळी ओढून काढण्यासाठी ‘स्टेंट रिट्रीव्हर’ वापरतात. ती जाळी गुठळीसकट बाहेर काढली जाते, मेंदूत राहत नाही. मानेतील कॅरोटिड धमनीत टाकला जाणारा स्टेंट हाही वेगळा विषय आहे. येथे चर्चा आहे ती कवटीच्या आत कायम राहणाऱ्या स्टेंटची.

रक्तवाहिनीला फुगवटा का येतो? तो फुटला तर काय होते?

वाहिनीला फाटे फुटतात तिथे रक्ताचा मारा सतत बसतो. त्या ठिकाणची भिंत कमकुवत झाली, की सायकलच्या ट्यूबला फुगा यावा तसा फुगवटा तयार होतो. यालाच अ‍ॅन्युरिझम म्हणतात. प्रौढांमध्ये साधारण तीन टक्के लोकांच्या मेंदूत असा फुगवटा असतो, असा जगभरातील अभ्यासांचा अंदाज आहे. त्यातील बहुतेक आयुष्यभर फुटत नाहीत आणि त्रासही देत नाहीत. उच्च रक्तदाब, धूम्रपान, जवळच्या दोन किंवा अधिक नातेवाइकांना हा आजार असणे आणि मूत्रपिंडाचा आनुवंशिक पॉलिसिस्टिक आजार ही जोखमीची प्रमुख कारणे आहेत. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हे प्रमाण जास्त आढळते.

फुगवटा फुटला, की मेंदूभोवतीच्या पाण्यात रक्त पसरते. ‘आयुष्यात एवढे डोके कधी दुखले नव्हते’ असे रुग्ण सांगतो. ही वेदना काही सेकंदांत टिपेला पोहोचते. सोबत उलटी, मान ताठ होणे, शुद्ध हरपणे अशी लक्षणे असू शकतात. काही रुग्ण रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच दगावतात. जे पोहोचतात त्यांच्यात पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असतो. म्हणूनच फुटलेला फुगवटा शक्य तितक्या लवकर, शक्यतो २४ तासांच्या आत बंद करावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ‘पित्त झाले असेल’, ‘अर्धशिशी असेल’ म्हणून वेदनाशामक गोळी देऊन घरी पाठवलेला रुग्ण याच मौल्यवान वेळेत हातचा जातो.

डोके न उघडता उपचार कधीपासून सुरू झाले?

पोर्तुगालमधील एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये मेंदूतील रक्तवाहिन्यांचे पहिले चित्रण केले. १९३७ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून फुगवट्याच्या मानेला धातूची क्लिप लावली. पुढे अर्धशतक तोच प्रमुख मार्ग राहिला. १९९० मध्ये गुग्लिएल्मी यांची सुटी होणारी प्लॅटिनमची कॉइल प्रथमच रुग्णात वापरली गेली. नळीतून ही मऊ तार फुगवट्यात गुंडाळत जायची आणि आतली पोकळी भरून टाकायची, अशी ही पद्धत. नंतर २००२ मध्ये ‘आयसॅट’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. फुगवटा फुटलेल्या २,१४३ रुग्णांत वर्षभरानंतर मृत्यू किंवा परावलंबित्व येण्याचे प्रमाण कॉइल गटात २३.७ टक्के, तर क्लिप गटात ३०.६ टक्के होते. दोन्ही उपचार शक्य असलेल्या रुग्णांत कॉइलला प्राधान्य मिळू लागले ते यानंतर.

मात्र या कॉइलिंगमध्ये स्टेंट लागतोच असे नाही. फुगवट्याची मान अरुंद असेल तर कॉइल आतच टिकून राहते. मान रुंद असेल, तर कॉइल मुख्य वाहिनीत घसरण्याची भीती असते. तिथे वाहिनीत जाळी उभी करून कॉइलला अडवून धरतात.

‘फ्लो डायव्हर्टर’ म्हणजे काय?

ही अधिक घट्ट विणीची जाळी असते. ती फुगवट्याच्या तोंडावरून मुख्य वाहिनीत बसवतात. फुगवट्यात शिरणाऱ्या रक्ताचा जोर ओसरतो, आतले रक्त हळूहळू गोठते आणि जाळीवर वाहिनीचे नवे अस्तर वाढते. म्हणजे फुगवट्याच्या आत काहीही न भरता तो बंद होतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०११ मध्ये ‘पाइपलाइन’ या उपकरणाला मोठ्या, रुंद मानेच्या फुगवट्यांसाठी मान्यता दिली. त्यामागच्या अभ्यासात सहा महिन्यांनी सुमारे ७४ टक्के आणि पाठपुरावा झालेल्या रुग्णांत पाच वर्षांनी ९५ टक्के फुगवटे पूर्ण बंद झाल्याचे दिसले. हे असे फुगवटे होते, ज्यांवर क्लिप किंवा साधी कॉइल दोन्ही अवघड होत्या. त्याच अभ्यासात सुमारे साडेपाच टक्के रुग्णांना उपचारानंतर गंभीर पक्षाघात झाला किंवा मेंदूशी संबंधित कारणाने मृत्यू आला, हेही नोंदले आहे. मोठा फुगवटा तसाच सोडण्याचा धोका त्याहून अधिक असेल तेव्हा हा उपाय योग्य ठरतो.

यात एक गोष्ट नातेवाइकांना अनेकदा माहीत नसते. फ्लो डायव्हर्टर बसवल्यावर फुगवटा त्याच दिवशी बंद होत नाही. सहा महिने ते वर्ष लागू शकते. म्हणून ठरलेल्या वेळी पुन्हा अँजिओग्राफी करणे हा उपचाराचाच भाग असतो.

फुटलेल्या फुगवट्यात स्टेंट शक्यतो का टाळतात?

धातूची जाळी रक्ताच्या प्रवाहात आली, की तिच्यावर गुठळी धरते. ती धरू नये म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशी दोन औषधे एकत्र द्यावी लागतात. पण डोक्यात नुकताच रक्तस्राव झालेल्या रुग्णाला रक्त पातळ करणारी दोन औषधे देणे म्हणजे दुधारी तलवार. शिवाय अशा रुग्णाला मेंदूतील पाणी काढण्यासाठी नळी घालावी लागू शकते. दोन औषधांवर असताना ती छोटी शस्त्रक्रियाही धोक्याची होते. म्हणून फुटलेला फुगवटा साध्या कॉइलने, बलूनच्या मदतीने किंवा क्लिपने बंद होत असेल, तर आधी तो मार्ग निवडला जातो. दुसरा मार्गच नसेल, तेव्हा स्टेंटचा विचार होतो.

न फुटलेला फुगवटा तपासणीत सापडला तर?

चक्कर, मायग्रेन, अपघात अशा दुसऱ्याच कारणासाठी एमआरआय काढला आणि अहवालात तीन मिलिमीटरचा फुगवटा लिहून आला, हे चित्र आता नेहमीचे झाले आहे. घर हादरते. पण २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार, मेंदूच्या पुढच्या भागातील सात मिलिमीटरपेक्षा लहान फुगवटे फुटण्याचा धोका अत्यल्प असतो. मागच्या भागातील, मोठे, वेडेवाकडे किंवा दोन तपासण्यांच्या मधल्या काळात वाढलेले फुगवटे अधिक धोकादायक ठरतात. त्यामुळे वय, जागा, आकार, कुटुंबाचा इतिहास हे सगळे तोलून निर्णय होतो. अनेकांसाठी ‘रक्तदाब सांभाळा, विडी-सिगारेट सोडा, वर्षाने पुन्हा तपासू’ हाच योग्य सल्ला असतो. अशा रुग्णाकडे दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्याइतका वेळ नक्की असतो.

अरुंद झालेल्या वाहिनीत स्टेंट टाकला, की लकवा टळतो का?

इथे चित्र पालटते. चरबीचा थर साचून मेंदूतील वाहिनी आतून अरुंद होणे हे पाश्चात्त्य देशांपेक्षा आशियात, भारतातही, लकव्याचे मोठे कारण आहे. हृदयात स्टेंटने वाहिनी मोकळी होते, मग मेंदूत का नको, हा प्रश्न साहजिक आहे. तसेच वाटून २००५ मध्ये अमेरिकेत ‘विंगस्पॅन’ या स्टेंटला मर्यादित मान्यता मिळाली. पण ‘सॅम्प्रिस’ या चाचणीने धक्का दिला. वाहिनी ७० ते ९९ टक्के अरुंद असलेल्या आणि नुकताच झटका येऊन गेलेल्या ४५१ रुग्णांचे दोन गट केले गेले. ३० दिवसांत पक्षाघात किंवा मृत्यूचे प्रमाण फक्त औषधे घेणाऱ्यांत ५.८ टक्के, तर औषधांसोबत स्टेंट टाकलेल्यांत १४.७ टक्के निघाले. एप्रिल २०११ मध्ये नवे रुग्ण घेणे थांबवावे लागले.

असे का झाले? जाळी उघडताना साचलेला थर बारीक शाखांच्या तोंडात दाबला जातो, काही कण सुटून पुढे जातात, तर कधी नाजूक भिंतीतून रक्त झिरपते. दुसरी बाजू अशी, की औषधांचा गट अपेक्षेपेक्षा चांगला निघाला. त्या रुग्णांना दोन रक्त पातळ करणारी औषधे, कोलेस्टेरॉल खाली ठेवणारी गोळी, रक्तदाबावर काटेकोर नजर, व्यायाम आणि तंबाखू सोडण्यासाठी सततचा पाठपुरावा मिळाला होता. चीनमध्ये रुग्ण अधिक काटेकोर निवडून केलेल्या ‘कॅसिस’ चाचणीतही २०२२ मध्ये स्टेंटचा जादा फायदा दिसला नाही. स्टेंट गटात ८ टक्के, तर औषध गटात ७.२ टक्के रुग्णांना पक्षाघात किंवा मृत्यूला सामोरे जावे लागले.

मग हा मार्ग बंदच झाला का? तसेही नाही. अमेरिकी नियामकाने २०१२ मध्ये या स्टेंटचा वापर, काटेकोर औषधोपचार सुरू असतानाही दोन किंवा अधिक झटके आलेल्या रुग्णांपुरता मर्यादित केला आणि शेवटच्या झटक्यानंतर किमान आठवडाभर थांबण्याची अट घातली. २०२४ मध्ये ‘बेसिस’ या चिनी चाचणीने नवी दिशा दाखवली. ५०१ रुग्णांपैकी ज्यांची वाहिनी बलूनने पूर्ण नव्हे, तर जपून थोडीच उघडली, त्यांच्यात वर्षभरातील वाईट परिणाम ४.४ टक्के होते. फक्त औषधे घेणाऱ्यांत १३.५ टक्के. म्हणजे निवडक रुग्णांत आणि अनुभवी हातांत वाहिनी उघडण्याला जागा आहे. पण पहिल्याच झटक्यानंतर, औषधांना संधी न देता, थेट स्टेंट टाकण्याचे समर्थन आजचा पुरावा करत नाही.

विदर्भातील सिकलसेलग्रस्तांचे काय?

पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. या आजारात लहान मुलांच्याही मेंदूतील मोठ्या वाहिन्या अरुंद होत जातात आणि शाळकरी वयात लकवा येऊ शकतो. येथे कारण चरबीचा थर नसते, तर विळ्याच्या आकाराच्या कडक रक्तपेशींमुळे वाहिनीच्या अस्तराला होणारी इजा असते. म्हणून या मुलांसाठी स्टेंट हा मुख्य उपचार नाही. ‘ट्रान्सक्रॅनियल डॉप्लर’ या सोनोग्राफीसारख्या, वेदनारहित तपासणीत रक्ताचा वेग वाढलेला आढळला, तर नियमित रक्तसंक्रमणाने पहिला लकवा मोठ्या प्रमाणात टाळता येतो, हे १९९८ मधील अमेरिकी चाचणीने दाखवून दिले. हायड्रॉक्सियुरिया या गोळीचाही उपयोग होतो. कमी मात्रेतील हायड्रॉक्सियुरियाचा मुलांवरील परिणाम नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञांनीही अभ्यासला आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात रक्ततपासणीवर भर आहे. निदान झालेल्या मुलाची डॉप्लर तपासणी झाली का, हा प्रश्न पालकांनी विचारायला हवा.

स्टेंट टाकल्यानंतर गोळ्या किती काळ?

साधारणपणे तीन ते सहा महिने, काहींना त्याहून अधिक काळ दोन औषधे आणि नंतर बहुतेकांना एक औषध दीर्घकाळ किंवा आयुष्यभर. यात खंड पडला, की जाळीवर गुठळी होऊन लकवा येऊ शकतो. दात काढताना किंवा गावातल्या औषध दुकानात गोळी मिळाली नाही म्हणून ती परस्पर बंद करणे हा सर्वांत मोठा धोका. क्लोपिडोग्रेल काहींच्या शरीरात नीट काम करत नाही. आनुवंशिक कारणाने असे होणाऱ्यांचे प्रमाण भारतीयांतही लक्षणीय आहे. त्यामुळे अनेक केंद्रांत स्टेंटपूर्वी रक्ताची चाचणी करून गरज पडल्यास औषध बदलले जाते. ज्यांना अल्सर आहे, ज्यांची दुसरी शस्त्रक्रिया ठरली आहे किंवा जे नियमित औषध घेऊ शकणार नाहीत, त्यांनी हे आधीच सांगितले, तर डॉक्टर स्टेंटशिवायचा मार्ग निवडू शकतात.

खर्च कोण उचलतो?

१३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने हृदयातील स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली. साध्या स्टेंटसाठी ७,२६० आणि औषधवेष्टित स्टेंटसाठी २९,६०० रुपये असा दर तेव्हा ठरला. नंतर त्यात वेळोवेळी बदल झाले. मेंदूतील स्टेंट आणि फ्लो डायव्हर्टरवर मात्र अशी कमाल किंमत नाही. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याखाली आल्याने त्यांची छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, एवढाच अंकुश आहे. मूळ किंमतच काही लाखांत असेल, तर या अंकुशाने रुग्णाला फारसा दिलासा मिळत नाही.

राज्यात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपयांवर नेण्याचा आणि ती सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय जुलै २०२३ मध्ये झाला; १ जुलै २०२४ पासून तो अमलात आला. तिच्याशी जोडलेल्या आयुष्मान भारतच्या उपचार यादीत फुगवट्याच्या कॉइलिंगचे आणि मेंदूतील वाहिनीत बलून-स्टेंटचे पॅकेज आहे. कॉइलिंगच्या पॅकेजमध्ये पहिल्या तीन कॉइल, तसेच गरजेनुसार बलून किंवा स्टेंट धरलेला असतो. अडचण अशी, की मोठ्या फुगवट्यात साहित्याची किंमत पॅकेजच्या पुढे जाऊ शकते. शिवाय योजनेतील प्रत्येक रुग्णालय ही विशिष्ट सेवा देतेच असे नाही. रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे किंवा १५५३८८ या मदत क्रमांकावर ‘हा उपचार, या रुग्णालयात, योजनेतून होईल का’ असे नेमके विचारावे. पैसे भरून उपचार झाल्यावर परताव्याची आशा ठेवण्यापेक्षा पूर्वमंजुरी मिळवणे केव्हाही बरे.

विदर्भातील खरी अडचण कोणती?

गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेतील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतील मृत्यूंच्या कारणांचा अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाले होते. त्या गावांत मृत्यूचे ते पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. त्याहून बोलका आकडा पुढचा आहे. पक्षाघाताने मरण पावलेल्यांपैकी ८७ टक्के लोक घरीच गेले.

भामरागड किंवा सिरोंचाच्या रुग्णाला आधी गडचिरोली आणि मग नागपूर गाठायचे, तर अर्धा दिवस रस्त्यातच जातो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचे असते. नागपुरात कितीही आधुनिक कॅथलॅब असली, तरी या हिशेबात ती बसत नाही. दुसरीकडे, ज्या कारणांनी वाहिनी फुगते किंवा अरुंद होते, त्यातील उच्च रक्तदाब गावच्या उपकेंद्रातही मोजता येतो आणि त्याच्या गोळ्या स्वस्त आहेत. विडी-सिगारेट फुगवट्याला घातक आहेच. पण विदर्भात पानठेल्यावर सर्रास मिळणारा खर्राही निरुपद्रवी नाही. धूरविरहित तंबाखूचा पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंशी संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे.

म्हणून सरकारी आरोग्यसेवेसमोर दोन कामे एकाच वेळी आहेत. नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत डोक्यातील रक्तस्रावाच्या रुग्णाला चोवीस तास कॉइल किंवा क्लिप मिळेल एवढे मनुष्यबळ आणि साहित्य ठेवणे हे एक. जिल्हा रुग्णालयात सीटी स्कॅन रात्री-अपरात्रीही चालू राहणे आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा गावपातळीवर खंड न पडणे हे दुसरे.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी काय विचारावे?

आजार फुगवट्याचा आहे की वाहिनी अरुंद झाल्याचा? फुगवटा फुटला आहे का? नसेल, तर उपचार न करता तो किती टक्के फुटू शकतो आणि उपचारात किती टक्के धोका आहे? क्लिप, साधी कॉइल किंवा फक्त औषधे यांपैकी पर्याय का नाही? वाहिनी अरुंद असेल, तर पूर्ण औषधोपचार किती महिने झाले? या डॉक्टरांनी आणि या रुग्णालयाने असे किती उपचार केले आहेत? स्टेंटची किंमत किती, त्याचे स्टिकर आणि बिल मिळेल का? गोळ्या किती काळ आणि पुढची अँजिओग्राफी कधी?

फुटलेल्या फुगवट्यात हे प्रश्न दहा मिनिटांत विचारून निर्णय घ्यावा लागतो. तिथे चालढकल परवडत नाही. न फुटलेला फुगवटा किंवा अरुंद वाहिनी असेल, तर बहुतेक वेळा सीडी आणि अहवाल घेऊन दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाण्याइतका अवधी असतो. आणि अचानक तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे किंवा कधी नव्हे इतके डोके दुखणे यांपैकी काहीही दिसले, तर झाडपाला, मालिश, मांत्रिक यांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सीटी स्कॅन असलेले जवळचे रुग्णालय गाठावे.